खरकट्याचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, सायकलींच्या शेडला लागून, एक हिरवी टाकी आहे. एकशेवीस घरांचा ओला कचरा तिच्यात जातो आणि त्यातून वायू निघतो. टाकी बसवली तेव्हा ठेकेदाराने सोबत एक छोटे जनित्रही दिले होते. त्याच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापले होते, ‘रोज ४० युनिट वीज’. सर्वसाधारण सभेत ठराव आला तेव्हा त्याला अनुमोदन देणारी मी होते. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप आपल्याच खरकट्यावर चालतील, असे मी त्या दिवशी उभी राहून सांगितले होते.

पहिल्याच दिवाळीनंतरच्या आठवड्यात जनित्र बंद पडले. वायूचा फुगा भरलेला होता, मीटरचा काटा फिरत होता, पण नळीच्या तोंडाशी काडी धरली तर ज्योत धरत नव्हती. ठेकेदाराच्या माणसाने जनित्र उघडून पाहिले, त्यात दोष सापडला नाही. आमच्याकडे सफाईचे आणि कचरा वेगळा करण्याचे काम करणाऱ्या मावशी मात्र टाकीच्या झाकणापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “ताई, आंबट वास येतोय. हिला अपचन झालंय.”

निदान बरोबर होते. ते का बरोबर होते हे समजून घ्यायला मला पुढची दोन-तीन वर्षे लागली. मी वाणिज्य शाखेची. एका पतपेढीत सत्तावीस वर्षे हिशेब लिहिले. रसायनशास्त्र दहावीला सुटले होते, ते पन्नाशीत पुन्हा हाती घेतले. पुस्तके, शोधनिबंध, दोन-तीन प्राध्यापकांना विचारलेले बाळबोध प्रश्न आणि गॅलरीत मांडलेल्या बरण्या एवढीच माझी प्रयोगशाळा. खरकट्यातून सूक्ष्मजीव वीज कशी देतात, किती देतात, आणि त्या विजेबद्दल आपण जे बोलतो त्यातले किती खरे, याचा जमाखर्च या लेखात मांडते आहे.

प्रत्येक नावेला जमा

हिशेबनीसाला द्विनोंदी पद्धत चटकन समजते : कोणाच्या तरी नावे रक्कम पडली की ती कुठेतरी जमा झालीच पाहिजे. सजीवांचे जगणे याच पद्धतीने चालते, हे मला उशिरा कळले. भाताचा कण खाऊन ऊर्जा मिळते म्हणजे काय होते? त्या कणातल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि ते दुसऱ्या कोणाला तरी दिले जातात. या देण्याघेण्यात जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपण जगतो. घेणारा कोणी नसेल तर देणेही थांबते. आपल्या शरीरात शेवटचा घेणारा असतो प्राणवायू. म्हणून श्वास थांबला की पोट भरलेले असूनही माणूस जगत नाही.

बंद टाकीत प्राणवायू नसतो. मग तिथले सूक्ष्मजीव इलेक्ट्रॉन कोणाच्या नावावर टाकतात? उत्तर गमतीचे आहे. बाहेरचा घेणारा नसल्यामुळे ते इलेक्ट्रॉन खरकट्यातल्याच कार्बनच्या नावावर राहतात. ज्या कार्बनवर ते जमा होतात तो मिथेन होतो, ज्याच्याकडून काढले जातात तो कार्बन डायऑक्साइड होतो. टाकीतल्या वायूत हे दोन्ही असतात, मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के. मिथेन म्हणजे न फिटलेली उधारी. शेगडीवर तो पेटतो तेव्हा हवेतला प्राणवायू ती वसूल करतो आणि तेवढी उष्णता मोकळी होते.

या उधारीचा आकडा पाहिला की थक्क व्हायला होते. साखरेच्या एका रेणूपासून तीन रेणू मिथेन आणि तीन रेणू कार्बन डायऑक्साइड होतात. त्या तीन मिथेनमध्ये मूळ साखरेतल्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शिल्लक असतो. म्हणजे एवढे सगळे काम करून सूक्ष्मजीवांच्या स्वतःच्या पदरात फार थोडे पडते. ज्याची मिळकत इतकी तुटपुंजी, त्याचा वंशविस्तारही संथ. दिवाळीनंतरच्या अपचनाचे कारण इथेच आहे.

टाकीतली पंगत

टाकीत एकच जातीचा जीव नसतो. चार टोळ्या एकामागून एक काम करतात. पहिली टोळी पिष्ट, प्रथिने, तेल यांचे मोठे रेणू फोडून साखर, अमिनो आम्ले, मेदाम्ले करते. दुसरी त्यांची आंबट, उडून जाणारी आम्ले बनवते. तिसरी त्यांपासून व्हिनेगारातले अ‍ॅसेटिक आम्ल आणि हायड्रोजन तयार करते. चौथी टोळी या दोहोंपासून मिथेन करते. ही चौथी टोळी जीवाणूंत मोडतच नाही. १९७७ साली कार्ल वूझ आणि त्यांचे सहकारी जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले, की मिथेन करणारे हे जीव जीवाणूंपासून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेचे आहेत. त्या शाखेला आज आर्किया म्हणतात.

आम्ल करणारे जीव काही तासांत दुप्पट होतात. मिथेन करणाऱ्यांना दुप्पट व्हायला काही दिवस लागतात. रोजचा कचरा रोजच्यासारखा येत असला तर दोघांचा मेळ जमतो. एकदम खूप साखर-तेल येऊन पडले, की आम्लवाले सुटतात आणि मिथेनवाले मागे पडतात. आम्ल साचते. टाकीचा सामू साधारण ६.८ ते ७.४ असावा लागतो, तो साडेसहाच्या खाली गेला की मिथेनवाले काम थांबवतात. आम्ल होताना कार्बन डायऑक्साइड निघतच असतो, त्यामुळे मीटर फिरत राहतो, पण तो वायू पेटत नाही.

आमच्याकडे नेमके हेच घडले. भाऊबीज उलटल्यावर एकशेवीस घरांतला मऊ पडलेला फराळ, खवट चकल्या, मिठाईचे खोके पुसून काढलेला खवा आणि तळणीचे उरलेले तेल तीन दिवसांत टाकीत गेले. उपायही अपचनावरच्या उपायासारखाच निघाला : लंघन, थोडा चुना आणि शेणाचे ताजे पातळ कालवण. शेणात मिथेन करणाऱ्यांचे विरजण असते. सामू पाहण्याची कागदी पट्टी रोज बुडवत गेलो. तीन आठवड्यांनी निळी ज्योत परत आली. मावशींना त्या पट्टीची गरज पडत नसे. झाकण उघडून त्या सांगत, “आज निम्मंच घाला”, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी त्यांच्या बाजूने साक्ष देई.

वडाळ्याचा दिवा

हा उद्योग आपल्याकडे आजकालचा नाही. या अंकाच्या वाचकांना हॅरी अ‍ॅक्वर्थ हे नाव पोवाड्यांमुळे ठाऊक असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला आणि १८९४ मध्ये त्यांतल्या काहींची इंग्रजी रूपांतरे ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावाने काढली. हेच अ‍ॅक्वर्थ मुंबईचे महापालिका आयुक्त होते आणि बेघर कुष्ठरोग्यांसाठी १८९० साली त्यांनी माटुंग्याला आश्रयगृह उभारले. वडाळ्याचे आजचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. तिथल्या मैलापाण्याच्या टाकीतून निघणारा वायू १८९७ मध्ये गोळा करून दिव्यासाठी वापरला गेला आणि पुढे त्याच्यावर इंजिनही चालवून पाहिले. जैववायूच्या जागतिक इतिहासात माटुंग्याचा हा दिवा आवर्जून नोंदलेला असतो. आपल्या वाङ्मयेतिहासात अ‍ॅक्वर्थ आहेत, कुष्ठरोगाच्या इतिहासात आहेत, पण या तिसऱ्या खात्यावर त्यांच्या संस्थेचे नाव क्वचितच येते.

पुढे खादी ग्रामोद्योगाच्या प्रसाराने ‘गोबर गॅस’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला आणि वायू म्हणजे शेणाचा, असे समीकरण पक्के झाले. त्या समीकरणाला पुण्यात धक्का दिला डॉ. आनंद कर्वे यांनी. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, इरावती कर्वे यांचे चिरंजीव. त्यांचा मुद्दा साधा होता. शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला चोथा. मिथेन करणारे जीव गाईच्या पोटातही असतात आणि तिथे ते चारा खातात, शेण नव्हे. मग टाकीतल्या जीवांना चोथा का द्यायचा? त्यांना पीठ, खरकटे, सडकी फळे, पेंड असे पचायला सोपे अन्न दिले, तर थोड्या मालात पुष्कळ वायू मिळेल आणि टाकीही लहान पुरेल. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेने पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या एकमेकींत उलट्या बसवून घरगुती संच तयार केला. २००६ साली त्याला ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संच विकसित केला. त्यात कचरा आधी हवेच्या आणि गरम पाण्याच्या साहाय्याने पचनाला तयार केला जातो आणि मगच मिथेनच्या टाकीत जातो. पंगतीतल्या पहिल्या टोळ्यांना वेगळी पंगत वाढायची, म्हणजे शेवटच्या टोळीवर आम्लाचा लोंढा येत नाही, असा त्यामागचा विचार.

चाळीस युनिटांचे काय झाले?

आता हिशेब. आपल्या ओल्या कचऱ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. किलोभर खरकट्यात सुके द्रव्य पाव किलोच्या आतच. त्यापासून चांगल्या चाललेल्या टाकीत साधारण ०.१ घनमीटर वायू मिळतो. एक घनमीटर वायूत उष्णतेच्या रूपाने सुमारे ६ युनिट ऊर्जा असते. आमच्या सोसायटीतून रोज साधारण ६६ किलो ओला कचरा टाकीपर्यंत पोहोचतो. म्हणजे ६.६ घनमीटर वायू, म्हणजे जवळजवळ ४० युनिट.

माहितीपत्रकातला आकडा हाच होता. तो खोटा नव्हता. फक्त ती ४० युनिट उष्णता होती आणि शब्द ‘वीज’ छापला होता. वायू जाळून इंजिन फिरवायचे आणि इंजिनाने जनित्र फिरवायचे, यात बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे निघून जाते. मोठ्या, चांगल्या इंजिनात एक-तृतीयांशापर्यंत वीज हाती येते, आमच्यासारख्या छोट्यात एक-पंचमांश. म्हणजे आठ युनिट. त्यांतले दीड युनिट कचरा बारीक करणाऱ्या यंत्राला लागते. उरले साडेसहा. लिफ्ट, पंप आणि दिवे मिळून आमची सामाईक वीज रोज दीडशे युनिट लागते.

घरटी हिशेब मांडला तर आणखी स्पष्ट होतो. एका घरातून दिवसाला सरासरी अर्धा किलोच्या थोडा वर ओला कचरा येतो. चांगल्या इंजिनावर त्याची वीज ०.१ युनिटच्या आसपास भरते, म्हणजे दहा वॅटचा एक दिवा दहा तास. एका घराच्या खरकट्यात एका दिव्याची रात्र आहे. त्याहून जास्त कोणी सांगत असेल तर त्याला विचारावे, हे युनिट उष्णतेचे की विजेचे?

आणि दुसरी बाजू. एक घनमीटर वायू शेगडीवर सुमारे ०.४५ किलो एलपीजीचे काम करतो. आमचा ६.६ घनमीटर वायू सरळ शेगडीला दिला तर रोज तीन किलो एलपीजी वाचतो, महिन्याला घरगुती सिलिंडर सहा. आजच्या दरांनी याची किंमत त्या आठ युनिट विजेच्या दुपटीच्या घरात जाते. शिवाय वायूत थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो, डाळी-अंडी-मांस यांतल्या गंधकापासून झालेला. लोखंडाच्या किसावरून नेऊन तो काढला नाही तर इंजिनाचे भाग गंजतात. आमचे गंजलेच.

मधल्या इंजिनाला फाटा

मग मनात येते, की इलेक्ट्रॉनांचेच देणेघेणे आहे, तर मिथेनची उधारी, ज्वाला, इंजिन हा सगळा द्राविडी प्राणायाम हवा कशाला? जीवाणूंकडून इलेक्ट्रॉन सरळ तारेत घेता येणार नाहीत का?

येतात. १९११ साली इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मायकेल पॉटर यांनी यीस्ट आणि जीवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनमचे अग्र बुडवून अर्ध्या व्होल्टपर्यंत दाब मोजला. १९३१ मध्ये अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी अशा अनेक पेशी जोडून ३५ व्होल्ट मिळवले, पण प्रवाह होता अवघा दोन मिलिअँपिअर. मग विषय मागे पडला. तो परत वर आला चिखलातून. १९८७ साली डेरेक लव्हली यांना पोटोमॅक नदीच्या गाळात एक जीवाणू सापडला, जो प्राणवायूच्या जागी लोखंडाचा गंज वापरत होता. गंज घन असतो, तो पेशीच्या आत नेता येत नाही. म्हणून हा जीवाणू इलेक्ट्रॉन आपल्या अंगाबाहेर काढून गंजाला देतो. या कुळाला जिओबॅक्टर म्हणतात. पुढच्याच वर्षी केनेथ नील्सन यांच्या गटाने न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरातला, मँगॅनीजला इलेक्ट्रॉन देणारा जीवाणू प्रसिद्ध केला. त्याचे आजचे नाव श्वानेला. जिओबॅक्टरच्या अंगाला अतिसूक्ष्म तंतू असतात आणि त्यांतून वीज वाहते, हे २००५ मध्ये दिसले. त्यांतले काही तंतू लोहयुक्त प्रथिनांच्या लांबच लांब माळा असतात, हे २०१९ मध्ये.

अशा जीवाणूला गंजाऐवजी कोळशाची कांडी दिली तर तो कांडीला इलेक्ट्रॉन देतो. कांडीला तार जोडली, तारेचे दुसरे टोक हवेशी संबंध असलेल्या दुसऱ्या कांडीला जोडले, की इलेक्ट्रॉन तारेतून प्राणवायूपर्यंत जातात. जमा-नावे पूर्ण. तार म्हणजे मधली खतावणी. या मांडणीला सूक्ष्मजीव इंधनपेशी म्हणतात. एका पेशीतून तत्त्वतः १.१ व्होल्टच्या आसपास दाब मिळू शकतो. प्रत्यक्ष काम करताना तो अर्ध्या व्होल्टच्या आतच राहतो.

हे वाचून मी गॅलरीत दोन बरण्या मांडल्या. कांड्या विजेरीच्या जुन्या सेलमधल्या, उकळून घासून घेतलेल्या. मधला पूल म्हणून प्लॅस्टिकच्या नळीत मीठ घालून शिजवलेले चायना ग्रास. एका बरणीत मुठेकाठचा काळा गाळ आणि भाताची पेज, दुसरीत मिठाचे पाणी आणि त्यात हवा सोडायला माशांच्या टाकीचा पंप. पहिले दहा दिवस मीटर जवळजवळ शून्यावर होता. मग आकडा चढू लागला. सोळाव्या दिवशी ०.४१ व्होल्ट दिसले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाक मारून बोलावले. लेकीने विचारले, “आई, यावर दिवा लागेल का?”

दिवा लागला नाही. १००० ओहमचा रोध जोडताच दाब ०.१२ व्होल्टवर उतरला. गुणाकार केला : सुमारे १४ मायक्रोवॅट. दहा वॅटच्या एका दिव्याला अशा सात लाख बरण्या लागल्या असत्या. आणि हवा सोडणारा पंप स्वतः तीन वॅट खात होता, म्हणजे मिळकतीच्या दोन लाख पट. ताळेबंद लिहिण्याची सवय असल्याने मी ते वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. पंप दुसऱ्याच दिवशी काढला आणि कांडी अर्धी हवेत तरंगती ठेवली.

प्रयोगशाळांतल्या पेशी माझ्या बरणीहून पुष्कळ चांगल्या असतात. कार्बनचे कापड वापरून, दोन अग्र अगदी जवळ आणून, अग्राच्या चौरस मीटरमागे एक-दोन वॅटपर्यंत शक्ती मिळवलेली आहे. पण अडचणीचे स्वरूप तेच राहते. इलेक्ट्रॉन तारेतून क्षणात जातात, त्यांचे जोडीदार असलेले धनभारित हायड्रोजन आयन मात्र पाण्यातून रांगत जातात. जीवाणूंचा थर कांडीच्या पृष्ठभागावर असतो, त्यामुळे भांडे दुप्पट केले म्हणून वीज दुप्पट होत नाही, पृष्ठभाग वाढवावा लागतो. अनेक पेशी मालिकेत जोडल्या तर जिचे अन्न आधी संपते ती उलटी फिरते आणि इतरांची कमाई खाते. आणि शेवटची गोष्ट मला माझ्याच बरणीत दिसली. गाळातून बारीक बुडबुडे येत होते. माझ्या पेजेतला मोठा वाटा जुने ओळखीचे मिथेनवाले नेत होते. हिरव्या टाकीत ज्यांची मी तीन आठवडे सुश्रूषा केली, ते इथे भागीदारीतले चोर होते.

म्हणून ही विद्या निरुपयोगी आहे का? नाही, पण तिची जागा वेगळी आहे. ब्रिस्टॉलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवात अशा पेशी बसवलेली मुतारी उभी केली, तिच्यातले दिवे मूत्रावर चालले. अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी २००८ मध्ये पाण्याच्या तळातल्या गाळावर हवामान मोजणारा एक तरंगता बोया चालवून दाखवला, ज्याची बॅटरी बदलायला कोणी जायला नको. मैलापाणी शुद्ध करताना हवा भरायला भरपूर वीज खर्च होते. जीवाणूंना प्राणवायूच्या जागी कांडी मिळाली तर तो खर्च कमी होऊ शकतो. जिथे थोडीच वीज हवी आणि दीर्घकाळ हवी, तिथे ही पेशी शोभते. एकशेवीस घरांच्या खरकट्यावर लिफ्ट चालवणे हे तिचे काम नव्हे.

न लिहिलेले खाते

मग हा खटाटोप करायचाच कशाला? साडेसहा युनिटांसाठी?

मी स्वतःलाही हे विचारले. उत्तर दुसऱ्या खात्यात मिळाले. हा कचरा टाकीत गेला नाही तर काय होते? पुण्याचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला आणि तिथल्या लोकांना त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. ढिगाऱ्याच्या पोटात प्राणवायू नसतो. तिथेही त्याच चार टोळ्या असतात आणि तोच मिथेन करतात, फक्त तो कोणी गोळा करत नाही. शंभर वर्षांच्या मापाने एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि धुराने मुंबईचा श्वास कोंडला. अशा आगींना ढिगाऱ्यातल्या मिथेनचे खतपाणी असते. म्हणजे सूक्ष्मजीव आपले काम दोन्हीकडे करतातच. त्यांचा वायू शेगडीत जातो की फुरसुंगीच्या हवेत, एवढेच आपल्या हातात आहे.

आणि ते ठरते स्वयंपाकघरातल्या डब्यापाशी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितले. टाकीत जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, हाडे यांनी नळ्या तुंबतात. लिंबू-संत्र्याच्या साली फार झाल्या तर त्यांतले सुगंधी तेल मिथेनवाल्यांना मानवत नाही. हे सगळे बाजूला काढणारे यंत्र आमच्याकडे नाही. मावशी आहेत. रोज सकाळी दीड तास त्या एकशेवीस डब्यांत हात घालतात. ठेकेदाराच्या माहितीपत्रकात टाकीची किंमत होती, जनित्राची होती, देखभालीची होती. हा दीड तास कुठेच नव्हता. मी अनुमोदन दिले तेव्हा माझ्याही हिशेबात तो नव्हता. हिशेबनीसाने एक नावे नोंदच सोडून द्यावी, तसे ते झाले होते.

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत टाकी काढून टाकण्याचा ठराव आला. वीज मिळत नाही, मग जागा कशाला अडवायची, असा सूर होता. मी पुन्हा उभी राहिले. चाळीस युनिटांची चूक आधी कबूल केली. मग वरचे आकडे फळ्यावर लिहिले. जनित्र विकावे, वायूची नळी सुरक्षारक्षकांच्या आणि सफाई कामगारांच्या स्वयंपाकाच्या खोलीत आणि उरलेली सभागृहाच्या मागच्या रसोईत न्यावी, आणि सिलिंडरांची जी बचत होईल तिच्यातून मावशींचा दीड तास पगारावर घ्यावा, अशी दुरुस्ती सुचवली. एकाने विचारले, “म्हणजे वीज नाहीच?” मी म्हटले, “नाहीच.” ठराव नऊ मतांनी फेटाळला गेला, दुरुस्ती मंजूर झाली. मावशींना सांगायला गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मग हातमोजे पण देतील ना?” तेही माझ्या आकड्यांत नव्हते. आता आहेत.

या दिवाळीआधी लिफ्टमध्ये एक कागद लावला आहे. तळणीचे तेल बाटलीत वेगळे द्यावे, उरलेला फराळ एकदम टाकू नये, रोज थोडा थोडा द्यावा. मजकूर मावशींनी सांगितला, मी फक्त लिहून काढला. गॅलरीतली बरणी अजून आहे. आठवड्यातून एकदा तिला पेज घालते. आज सकाळी मीटरवर ०.३८ व्होल्ट होते.